खाडा

मराठी कुटुंबात भिंतीवरच्या दिनदर्शिकेला तिथी-वार दाखवण्यापलीकडे आणखी एक काम असते. गृहिणी तिच्या चौकोनांत दुधाचा हिशेब ठेवते. दूधवाला आला त्या दिवशी काही लिहायचे नसते. आला नाही त्या दिवशी चौकोनाच्या कोपऱ्यात एक बारीक फुली पडते. महिनाअखेर फुल्या मोजायच्या, तेवढे पैसे वजा करायचे आणि उरलेले दूधवाल्याच्या हातावर ठेवायचे. या फुलीला आपण खाडा म्हणतो. नेमाने व्हावयाचे काम ज्या दिवशी झाले नाही, तो दिवस म्हणजे खाडा. शब्द लहानसा आणि घरगुती; परंतु बीड जिल्ह्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्या कानांना तो इतका सौम्य लागत नाही.

आमचा जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेला. डोंगरपट्ट्यातील जमीन उथळ आणि मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. १९७२ चा दुष्काळ जुन्या पिढीने पाहिला. २०१२-१३ चा आणि पाठोपाठ आलेला २०१५-१६ चा दुष्काळ आजच्या तरुणांनीही पाहिला. खरिपाचे जे काही पदरात पडेल ते घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, केज, वडवणी या तालुक्यांतील वाड्या-तांड्यांवरून माणसे घरांना कुलपे लावून बाहेर पडतात. जिल्ह्यातून अशी लाखो माणसे दरसाल निघतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर आणि पलीकडे कर्नाटकातील बेळगाव. जेथे साखर कारखाना तेथे हे लोक. मार्च-एप्रिलपर्यंत उसाच्या फडाजवळ उभारलेली कोपी हेच त्यांचे घर.

या कामात माणसांची मोजणी 'कोयत्या'ने होते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादम या जोडीला आगाऊ रक्कम देतो. तिला उचल म्हणतात, आणि एका कोयत्याची उचल आज लाख रुपयांच्या घरात जाते. ती टनामागे ठरलेल्या दराने ऊस तोडून फेडायची. किती टन भरले, किती फिटले, किती उरले, हे सारे मुकादमाच्या वहीत. त्याच वहीत खाडेही मांडले जातात. ताप आला, मूल आजारी पडले, पाळीच्या दुखण्याने उठवले नाही, असा एक दिवस बुडाला की पाचशे रुपये किंवा त्याहूनही अधिक रक्कम कापली जाते. या धास्तीचे टोक २०१९ साली साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली होती. त्यामागे कारणे अनेक होती. काम बुडू नये, खाडा पडू नये, ही विवंचना त्यांपैकी एक होती. दुसऱ्याच्या वहीतील फुलीचे भय माणसाला कोठवर नेते, ते या आकड्यावरून कळावे.

गेल्या काही वर्षांत आमच्या भागातील काही कुटुंबे कोयता खाली ठेवून स्वतःचा लहानसा धंदा सुरू करू लागली आहेत. कोणी पिठाची गिरणी घालतो, कोणी शेळ्या पाळतो, कोणी शिवणयंत्र घेतो. बालाघाटच्या सीताफळांना 'बीड सीताफळ' म्हणून २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून त्या फळावर उपजीविका उभी करण्याचे प्रयत्नही चालले आहेत. मात्र सीताफळ पिकले की दोन-तीन दिवसांत हातचे जाते, आणि त्याचा हंगाम नेमका ऊसतोडीला निघण्याच्या तोंडावर येतो. जे गावात थांबतील त्यांनाच त्याचे काही करता येईल. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतूनही अशी मुले-मुली पुढे येत आहेत. भांडवल कोठून आणावे, कोणत्या योजनेत अर्ज करावा, हे त्यांना सांगणारे पुष्कळ भेटतात. मला सांगावयाचे आहे ते त्यानंतरचे. धंदा सुरू झाला. आता तो रोजच्या रोज चालू कसा ठेवावा?

मी १९८४ साली एका बँकेच्या खेड्यातील शाखेत लागलो आणि २०१९ साली निवृत्त झालो. नोकरीला लागलो तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जे वाटली जात होती. १९९९ साली तिच्या जागी सुवर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना आली आणि २०११ पासून ग्रामीण जीवनोन्नती अभियान. योजनांची नावे बदलली. कर्ज घेऊन नवा धंदा उघडणारा माणूस फारसा बदलला नाही. पहिला महिना त्याच्या अंगात दहा हत्तींचे बळ असते. दुकानाला पताका, गणगोतांना चहा, सकाळी सहाला फळी उघडलेली. दुसऱ्या महिन्यात लग्नसराई येते. तिसऱ्यात कोणाची तरी यात्रा, कोणाचा तरी दवाखाना, कधी उगीचच आलेला कंटाळा. फळी सहाऐवजी नऊला उघडू लागते. पुढे कोणत्या दिवशी उघडी आणि कोणत्या दिवशी बंद, याचा गिऱ्हाइकालाच अंदाज येईनासा होतो. गिऱ्हाईक तक्रार करीत नाही. ते निमूटपणे पलीकडच्या दुकानात जाते.

या माणसाला आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. फडात हाच माणूस पहाटे तीनला उठून, रात्री-अपरात्री येणाऱ्या वाहनात मोळ्या भरीत होता. तेथे त्याच्यावर नजर होती. मुकादमाच्या वहीतून सुटलेल्या माणसाला आयुष्यात प्रथमच असे दिवस भेटतात की ज्यांचा खाडा कोणीच मांडीत नाही. स्वातंत्र्याचे हे पहिले सुख असते, आणि पहिला धोकाही तोच.

धंद्यात हिशेबाची वही असतेच की, असे कोणी म्हणेल. असते, आणि असावीच. पाचशेहून अधिक वर्षांपूर्वी, १४९४ साली, लुका पाचोली या फ्रान्सिस्कन संन्याशाने व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची जमाखर्चाची रीत आपल्या गणितग्रंथात लिहून ठेवली. रोजची टिपणवही, कीर्द आणि खतावणी अशा तीन वह्यांची शिस्त त्याने त्यात समजावून दिली. आमच्याकडेही रोजमेळ आणि खतावणी पिढ्यान् पिढ्या चालत आल्या. आता तर पैसे फोनवरच येतात आणि त्यांची नोंद फोनच ठेवतो. परंतु पैशाची वही झालेल्या गोष्टींची असते. गेल्या आठवड्यात काय मिळाले ते ती चोख सांगेल. उद्या सकाळी उठून काय करावे, ते तिला विचारून उपयोग नाही. शिवाय आमच्यासारख्या जिल्ह्यात गल्ल्यात काय पडेल हे पावसावर, ज्वारीच्या भावावर, पोरांच्या परीक्षांवर ठरते. नव्या धंद्याच्या पहिल्या वर्षी तर कित्येकदा इमानाने काम करूनही गल्ला रिकामा राहतो. अशा वेळी ज्याच्याजवळ केवळ पैशाची वही आहे, त्याला वाटते की आपण काहीच केले नाही.

आपल्या ख्रिस्ती समाजातील एका कुटुंबाने याला काढलेली वाट मी जवळून पाहिली. त्यांच्या इच्छेप्रमाणे नाव आणि गाव लिहीत नाही. पती-पत्नींनी चौदा हंगाम कोयता चालवला. थोरली मुलगी हंगामी वसतिगृहात राहून शिकत होती. ती नववीत गेली, वडिलांची कंबर धरू लागली, तेव्हा पत्नीने ठरवले की आता फडात जायचे नाही. अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय आहे, इतरही महाविद्यालये आहेत, म्हणजे बाहेरगावची मुले आहेत आणि त्यांच्या खानावळी आहेत. खानावळीला भाकऱ्या लागतात. चौदा वर्षे कोपीपुढच्या तीन दगडांच्या चुलीवर पहाटेच्या अंधारात भाकऱ्या थापणाऱ्या बाईला हा धंदा शिकवावा लागणार नव्हता. बचत गटाकडून कर्ज काढून त्यांनी शहराच्या कडेला एक खोली भाड्याने घेतली आणि जूनच्या मध्यावर चूल पेटवली.

भाकरी ही दिसते तितकी सोपी वस्तू नव्हे. रब्बीची टपोरी मालदांडी ज्वारी घेतली तरी दळून चार-सहा दिवस झाले की पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात आणि तव्यावर ती फुगत नाही. म्हणून एकदम पोते दळून ठेवण्याची सोय नाही. पीठ ताजेच लागते. दुपारच्या जेवणाआधी भाकऱ्या पोचायच्या तर चूल साडेचारला पेटलीच पाहिजे. खानावळवाले रोख देत नाहीत, आठवड्याची उधारी ठेवतात. आणि जी रक्कम हाती येते तिच्यातून ज्वारीचे पैसे आधी बाजूला काढले नाहीत तर ते घरात कसे वाहून गेले ते कळतही नाही.

या बाईचे शिक्षण चौथीपर्यंत. तिने पैशाची वही नवऱ्याकडे दिली आणि स्वतःसाठी शाळकरी मुलांची एक चौकटीची वही आणली. उजवीकडून डावीकडे महिन्याच्या तारखा नाहीत की रकाने नाहीत. प्रत्येक पानावर एक आठवडा, आणि डाव्या कडेला एकाखाली एक पाच शब्द: चूल, पीठ, डबा, उधारी, दार. चूल म्हणजे साडेचारला पेटली का. पीठ म्हणजे ताजे आहे का. डबा म्हणजे ज्वारीचे पैसे वेगळ्या डब्यात टाकले का. उधारी म्हणजे एका तरी देणेकऱ्याकडे जाऊन पैसे मागितले का. दार म्हणजे एखाद्या नव्या दारी जाऊन 'भाकऱ्या लागतात का' असे विचारले का. झाले तर उभी रेघ. झाले नाही तर पूज्य. रात्री भांडी घासून झाली की दोन मिनिटांचे काम.

या पाच शब्दांकडे बारकाईने पाहावे. उधारी वसूल होणे तिच्या हाती नव्हते. मागायला जाणे तिच्या हाती होते. नवे गिऱ्हाईक मिळणे तिच्या हाती नव्हते. दार ठोठावणे होते. म्हणून खानावळवाल्याने 'उद्या या' म्हणून परत पाठवले त्या दिवशीही तिने उधारीपुढे रेघच ओढली. तिने आपल्या वहीत फळ मांडलेच नाही, केवळ आपले काम मांडले.

जुलै आणि ऑगस्ट बरे गेले. ऑक्टोबरच्या आरंभी एक मोठी खानावळ अचानक बंद पडली आणि विक्री एक-तृतीयांशाने उतरली. उचल तशी पावसाळ्यापासूनच वाटली जाते, पण ऐनवेळी जोड्या कमी पडल्या की मुकादम दसऱ्याच्या तोंडावरही फिरतो. तो यांच्याकडेही आला. रक्कम रोख होती, आणि गटाचा हप्ता पुढच्या आठवड्यात होता. नवऱ्याचे मन डळमळले. यंदाचा एक हंगाम करू, कर्ज फेडू, मग पुन्हा बघू, असे तो म्हणू लागला. 'मग पुन्हा' म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. मुलीचे नववीचे वर्ष मध्यावर होते.

बँकेतला माणूस म्हणून त्यांनी मला हिशेब पाहायला बोलावले. पैशाची वही पाहिली. तिच्यावरून पाहता धंदा आटोपावा असाच सल्ला कोणीही दिला असता. तेव्हा बाईने फळीवरून आपली वही काढली.

"भाऊ, त्या वहीनं ह्यांचं मन उडालंय. ही बी एकदा बघा."

"त्यात काय बघायचं?" नवरा म्हणाला. "खाडे मोजायला हितं मुकादम कुठंय?"

"मुकादम न्हाई म्हणूनच तर खरं लिव्हता येतं."

मी पाने उलटली. रविवार सोडून सत्त्याण्णव दिवस झाले होते. चुलीपुढे तीन पूज्ये, पिठापुढे दोन, डब्यापुढे पाच. उधारीच्या ओळीत अधूनमधून पूज्ये होती, तरी रेघाच अधिक. पाचवी ओळ मात्र निराळी होती. जून-जुलैत तेथे रेघांची रांग होती. ऑगस्टमध्ये रेघा विरळ झाल्या. आणि शेवटचे अठरा दिवस पूज्यच पूज्य. धंदा बरा चालल्यावर नवी दारे ठोठावणे थांबले होते. त्यामुळे एक खानावळ मिटताच तिची जागा घ्यायला दुसरे कोणी रांगेत नव्हते.

पैशाच्या वहीला हे ऑक्टोबरमध्ये कळले. या वहीत ते सप्टेंबरपासून लिहिलेले होते. भाकरी वाईट नव्हती, कष्ट कमी नव्हते, शहरात खाणारी तोंडे कमी झाली नव्हती. पाचांतले एक काम थांबले होते, आणि ते उद्या सकाळपासून पुन्हा सुरू करता येण्यासारखे होते. नवरा बराच वेळ त्या पानाकडे पाहत बसला. वर्षानुवर्षे त्याने खाडे भोगले होते. खाडा वाचून काही उमजते, हे त्याला नवे होते. गटाचा हप्ता शेळी विकून भरला. मुकादम रिकाम्या हाताने परतला. दिवाळीची सुट्टी आटोपून मुले परत आली त्या आठवड्यापासून नवराच संध्याकाळी दारे ठोठावू लागला, कारण बोलण्यात तो तिच्याहून धीट. नाताळपर्यंत गेलेल्या विक्रीपैकी बरीचशी परत आली, सगळी नव्हे. त्यानंतरचा आणखी एक हंगाम गेला आहे. कुटुंब अद्याप त्याच खोलीत आहे आणि चूल पेटते आहे.

ही रीत तिला कोठून सुचली? एक उगम मुकादमाच्या वहीत असावा. आणि दुसरा तिच्या बचत गटात. गटातील बायकांना 'पंचसूत्री' तोंडपाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग पाचशे गटांपासून सुरू केला, तेव्हा माझ्यासारख्या बँकेतल्या माणसांपुढे मोठा प्रश्न होता. या बायकांजवळ तारण काय? सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, अंगावर सोने म्हणायला मंगळसूत्राचे मणी. उत्तर असे निघाले की त्यांची नियमितता हेच तारण. गटाची तपासणी करताना आम्ही शिल्लक पाहात असू, पण त्याआधी बैठकांचे इतिवृत्त पाहात असू: किती बैठका ठरल्या, किती झाल्या, किती जणी आल्या. ज्या गटाची शिल्लक थोडी पण बैठकीला खाडा नाही, त्याला कर्ज देताना हात कचरत नसे. पाचही सूत्रांत 'नियमित' हा शब्द आहे आणि 'किती' हा शब्द एकाही सूत्रात नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. या बाईने गटाची पंचसूत्री आपल्या चुलीला लावली, एवढेच.

आपणां कॅथलिकांच्या परंपरेतही अशी एक वही आहे. संत इग्नेशियस लोयोला हे मूळचे शिपाईगडी. १५२१ साली पाम्प्लोनाच्या वेढ्यात तोफगोळ्याने पाय मोडला आणि त्या दुखण्यात त्यांचे अंतःकरण पालटले. त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथाला १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. त्यात एका विशिष्ट दोषावर नजर ठेवण्याची रीत सांगितली आहे. सकाळी उठताच संकल्प करावा. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर मन तपासावे. जितक्या वेळा चूक घडली तितकी टिंबे त्या दिवसाच्या रेघेवर मांडावीत. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी, आजची कालच्याशी, हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहावा. एका वेळी एकच दोष घ्यावयाचा. आणि तुलना करायची ती स्वतःच्याच कालच्या दिवसाशी, शेजाऱ्याच्या पुण्याईशी नव्हे. संतांनी ही रीत आत्म्याच्या कारभारासाठी सांगितली; पण माणसाचे मन एकच असल्यामुळे ती चुलीजवळही उपयोगी पडते.

अशी वही ठेवू इच्छिणाऱ्या तरुणांना माझ्या पाहण्यातल्या चार गोष्टी सांगतो. ओळी थोड्या असाव्यात. आमच्या ओळखीच्या एका उत्साही मुलाने फोनदुरुस्तीच्या दुकानासाठी सतरा ओळी काढल्या. दुसऱ्या आठवड्यात वही धूळ खात पडली. तीन पुरेत, पाचांवर जाऊ नये. प्रत्येक ओळ अशी असावी की तिचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढेच येईल. 'गिऱ्हाइकाशी चांगले वागणे' ही ओळ होऊ शकत नाही, कारण रात्री ती मोजता येत नाही. 'दुरुस्तीचा फोन सांगितलेल्या वेळी परत दिला' ही होऊ शकते. लिहिण्याची वेळ एकच असावी आणि ती रोजच्या एखाद्या कामाला बांधलेली असावी, म्हणजे विसर पडत नाही. आणि आठवड्यातून एकदा ते पान घरातल्या कोणाजवळ बसून वाचावे. एकट्याने लिहिलेली वही हळूहळू खोटे बोलू लागते. केलेले नसताना ओढलेली एक रेघ दहा पूज्यांपेक्षा महाग पडते, कारण पूज्य काहीतरी सांगते आणि खोटी रेघ ते झाकून टाकते.

परंतु या वहीत एक मोठा धोकाही आहे, आणि तो सांगितल्याविना हा लेख पुरा होणार नाही. जानेवारीत त्या बाईला तापाने पाच दिवस अंथरूण धरायला लावले. ती उठल्यावर मी भेटायला गेलो. वहीत त्या पाच दिवसांच्या चौकोनांत रेघ नव्हती आणि पूज्यही नव्हते; तिने तेथे 'आ' असे अक्षर काढले होते. आ म्हणजे आजार. तापातच उठून चूल पेटवावी असे मनात आले नाही का, असे मी विचारले.

"आलं की. सवयच हाय ना अंगाला," ती म्हणाली. "मग मनाला म्हनलं, हितं खाड्याला दंड न्हाई."

मला वाटते, स्वतःच्या धंद्याचे सारे मोल या वाक्यात आहे. मुकादमाच्या वहीतून सुटून आलेला माणूस मनात मुकादम घेऊनच आलेला असतो. स्वतःची वही हाती येताच तो स्वतःचाच मुकादम होऊ शकतो, आणि तो मुकादम बाहेरच्या मुकादमापेक्षा निष्ठुर असतो, कारण त्याच्यापासून पळून जाता येत नाही. शहरांतील शिकलेल्या तरुण व्यावसायिकांची गोष्टही निराळी नाही. एक दिवस चुकला की रात्रभर स्वतःला दोष देणारे, आणि दोन दिवस चुकले की सगळेच सोडून देणारे तरुण आपल्या धर्मग्रामांतही आहेत. खाडा लिहायचा तो उद्याची वाट दिसावी म्हणून. त्यावर दंड आकारला की माणूस खाडे लपवू लागतो, किंवा शरीर मोडेपर्यंत खाडा टाळू लागतो. ज्या जिल्ह्यात खाडा टाळण्यासाठी स्त्रियांनी काय गमावले ते आपण वर पाहिले, त्या जिल्ह्यात तरी ही गोष्ट कोणी विसरू नये.

त्या वहीत रविवारचा चौकोन कोराच असतो. खानावळीत रविवारी दुपारी पुऱ्यांचे जेवण आणि रात्री सुट्टी, त्यामुळे भाकऱ्यांना मागणी नसते, हे एक कारण. पण पुढे एका वसतिगृहाने रविवारीही भाकऱ्या मागितल्या तेव्हा तिने नम्रपणे नकार दिला. फडात रविवार कधी उजाडला आणि कधी मावळला ते कळत नव्हते. मिस्साला जायचे तर खाडा पडत होता. आता त्या दिवशी सगळे कुटुंब मिस्साला जाते, दुपारी घरात वरणभात होतो, आणि रात्री चौघे बसून आठवड्याचे पान वाचतात. कोऱ्या चौकोनाला ती खाडा म्हणत नाही.

आपल्या कुटुंबांत कोणी मुलगा वा मुलगी नवा धंदा सुरू करीत असेल तर वडीलधाऱ्यांनी एवढे करावे. संध्याकाळी ते घरी आल्यावर 'आज किती मिळाले?' हा प्रश्न काही महिने तरी बाजूला ठेवावा. पहिल्या वर्षी त्याचे उत्तर बहुतेकदा थोडेच असते, आणि रोज ते थोडे तोंडाने सांगावे लागले की धीर खचतो. त्याऐवजी 'आज काय काय केलेस?' असे विचारावे, आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकावे. एखादी गोष्ट राहून गेली असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले तर उपदेश करू नये. उद्या ती कोणत्या वेळी करणार, एवढेच विचारावे. खोलीचे भाडे, गटाचा हप्ता, पावसाचा लहरीपणा यांचा भार त्यांच्या खांद्यांवर आहेच. आपल्या घरात त्यांना दुसरा मुकादम भेटू नये, आणि त्यांच्या मनात तो बसला असेल तर त्याला तेथून उठवण्याचे बळ प्रभू त्यांना देवो.